पंचांना बोलू द्या

११ जून २०२४. दोहातलं जासिम बिन हमद स्टेडियम, विश्वचषक पात्रता फेरीतला भारत-कतार सामना. पूर्वार्धात लालियानझुआला छांगटेने केलेल्या गोलवर भारत पुढे होता, आणि जिंकला असता तर पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत पहिल्यांदाच पोचला असता. ७३व्या मिनिटाला कतारला फ्री किक मिळाली. युसूफ आयमनचा हेडर गुरप्रीतसिंग संधूने अडवला. चेंडू त्याच्याकडून सुटून गोलखांबाशेजारून लाइनच्या पलीकडे गेला. आपले खेळाडू क्षणभर सैल पडले, कारण आता कॉर्नर मिळणार हे उघड होतं. तेवढ्यात हाश्मी अल हुसेनने तो चेंडू पायाने मागे ओढला, युसूफने जाळ्यात ढकलला आणि दक्षिण कोरियाच्या पंचांनी गोल दिला. आपल्या खेळाडूंनी हातवारे केले, दाद मागितली. काही उपयोग झाला नाही. ८५व्या मिनिटाला अहमद अल रावीने दुसरा गोल केला आणि २-१ असा सामना गेला.

त्याच रात्री कुवेतने अफगाणिस्तानला हरवलं, त्यामुळे नुसत्या बरोबरीने आपलं भागलं नसतं हे खरं. पण ७३व्या मिनिटापर्यंत दार उघडं होतं, आणि ते ज्या चेंडूने बंद झालं तो चेंडू मैदानाबाहेर गेलेला होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तक्रार केली, चौकशी मागितली. निकाल अर्थातच तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी देशभर एकच वाक्य ऐकू येत होतं, 'व्हीएआर असतं तर!' व्हीएआर म्हणजे पडद्यावर चित्रफीत तपासून मैदानावरच्या पंचांची चूक दाखवून देणाऱ्या व्हिडिओ पंचांची व्यवस्था. या बाबतीत ते वाक्य शंभर टक्के बरोबर होतं. पाचच महिन्यांपूर्वी, जानेवारी २०२४ मध्ये, याच कतारमध्ये आशियाई चषक झाला. त्याच्या सगळ्या ५१ सामन्यांना व्हिडिओ पंच होते, ऑफसाइडसाठी, म्हणजे पास निघताना खेळाडू बचावपटूंच्या पुढे होता का हे ठरवण्यासाठी, अर्धस्वयंचलित यंत्रणाही होती. पात्रतेच्या दुसऱ्या फेरीला मात्र यातलं काहीच नव्हतं. चेंडू लाइनच्या पलीकडे गेला की नाही, हा हो किंवा नाही एवढ्यातच संपणारा प्रश्न. अशा प्रश्नाला कॅमेरा ठेवला नाही, तर चूक मैदानावरच्या माणसापेक्षा स्पर्धा भरवणाऱ्यांची जास्त.

इथपर्यंत माझं आणि बहुतेक वाचकांचं जमेल. पुढे फाटा फुटतो. दोहाच्या त्या गोलवरून आपण जो निष्कर्ष काढला, की भारतीय फुटबॉलमधली पंचगिरीची सगळी दुखणी व्हीएआर आणलं की बरी होतील, तो मला पटत नाही. त्याचं कारण बंगळुरूत आहे.

३ मार्च २०२३, कांतीरवा स्टेडियम. इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना, बंगळुरू एफसी विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. ९० मिनिटं गोलशून्य, जादा वेळ सुरू. ९६व्या मिनिटाला पेनल्टी बॉक्सच्या जरा बाहेर बंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळचा गोलकीपर प्रभसुखन गिल गोलसमोर आपल्या खेळाडूंची भिंत लावून घेत होता. चेंडूपाशी सुनील छेत्री उभा होता. त्याने शिट्टीची वाट न बघता चेंडू अलगद उचलून रिकाम्या जाळ्यात टाकला. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. केरळच्या खेळाडूंनी पंचांना घेरलं. मग त्यांचे सर्बियन प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच मैदानात उतरले आणि संघाला सरळ ड्रेसिंग रूमकडे घेऊन गेले. संघ परत आलाच नाही. थोडा वेळ वाट पाहून सामना बंगळुरूला दिला गेला. महिनाअखेरीस शिस्तपालन समितीने केरळला चार कोटींचा दंड ठोठावला, जाहीर माफी मागितली नाही तर सहा कोटी. प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी आणि पाच लाखांचा दंड.

या गोलसाठी व्हीएआर असतं तर काय झालं असतं? काहीही नाही. फ्री किक झटकन घ्यायचा हक्क नियमातच आहे. समोरचे खेळाडू ९.१५ मीटर मागे गेलेले नसले तरी घेणाऱ्याला चालत असेल तर घेता येते. मात्र पंचांनी एकदा का भिंत मागे न्यायला सुरुवात केली, की मग शिट्टीची वाट पाहावी लागते. म्हणजे सगळा वाद एकाच गोष्टीभोवती होता: त्या काही सेकंदांत पंच खेळाडूंना काय म्हणाले. छेत्रीने नंतर सांगितलं की मला शिट्टी नको, भिंतही नको, असं मी पंचांना आधीच सांगितलं होतं. केरळचं म्हणणं उलटं. कॅमेरे वीस असते तरी त्यांना हे संभाषण दिसलं नसतं. शिवाय पंचांनी फ्री किक कशी सुरू होऊ दिली, हे तपासणं व्हीएआरच्या कक्षेत येतच नाही. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड, या चार प्रसंगांसाठी २०१८ मध्ये ते नियमावलीत आलं, आणि तेही ढळढळीत चुकीपुरतं.

कांतीरवावर त्या रात्री हजारो प्रेक्षकांना आणि टीव्हीसमोरच्या लाखोंना दोन वाक्यं हवी होती. 'खेळाडूने झटपट फ्री किक मागितली होती. मी परवानगी दिली होती.' पंचांच्या तोंडून, तिथल्या तिथे, मोठ्याने. ती ऐकल्यावर केरळचे समर्थक खूश झाले असते असं मी मुळीच म्हणत नाही. पण सामना अडला होता त्या वेळात मैदानावर आणि मोबाइलवर जे काही पेटलं, त्याला निदान खऱ्या माहितीचा आधार असता. आपल्याला कारण कळलं ते चार आठवड्यांनी, समितीच्या आदेशातून, वकिली भाषेत. तोपर्यंत ज्याने त्याने आपापलं सत्य ठरवून टाकलं होतं.

फुटबॉलमधले निर्णय दोन जातीचे असतात, आणि व्हिडिओच्या वादात आपण त्यांची सतत सरमिसळ करतो. चेंडू रेषेपलीकडे गेला का, खेळाडू ऑफसाइड होता का, फाउल बॉक्सच्या आत झाला की बाहेर, या झाल्या मोजता येणाऱ्या गोष्टी. हात 'अनैसर्गिक' जागी होता का, टॅकलमध्ये बेपर्वाई होती की जास्तीचा जोर होता, बचावपटूने ढकललं की फक्त अंग लावलं, ही मतं आहेत. चांगल्या जाणकाराची मतं असतील, पण मतंच. २०१० मध्ये ब्लोमफाँटेनला फ्रँक लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीच्या गोललाइनच्या चांगला आत पडूनही गोल दिला गेला नाही. पुढच्या, २०१४ च्या विश्वचषकात गोललाइन तंत्रज्ञान आलं. त्या विषयावर त्यानंतर किती भांडणं झाली? बोटावर मोजण्याइतकी. हँडबॉलच्या नियमाचं मात्र व्हीएआर आल्यापासून २०१९ आणि २०२१ असं पुन्हा पुन्हा लेखन झालं, तरी दर आठवड्याला कुठे ना कुठे त्यावरून रण माजतं. एका प्रश्नाला उत्तर होतं, यंत्राने ते दिलं. दुसऱ्याला एकच उत्तर नाही, तिथे यंत्राने फक्त भिंग पुरवलं.

भिंगाचा स्वतःचाही दोष असतो. स्लो मोशनमध्ये कुठलाही टॅकल मुद्दाम केल्यासारखा दिसतो, पाय घोट्यावर विसावल्यासारखा वाटतो. बेल्जियममधल्या लोव्हेनच्या संशोधकांनी अव्वल दर्जाच्या पंचांना तेच प्रसंग संथ आणि खऱ्या वेगात दाखवून पाहिले. फाउल आहे की नाही हे ओळखण्यात विशेष फरक पडला नाही, पण संथ चित्र पाहिलेल्यांनी शिक्षा जास्त कडक दिली. ऑफसाइडचंही तेच. सेकंदाला ५० चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यात, सेकंदाला दहा मीटर धावणारा खेळाडू दोन चित्रांच्या मध्ये २० सेंटिमीटर पुढे सरकतो. मग पास देताना बुटाने चेंडूला नेमका कधी स्पर्श केला हे ठरवणार कोण? म्हणून २०२२ च्या विश्वचषकात छताखाली बारा खास कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू आणि सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणारा संवेदक चेंडूच्या पोटात, असा थाट करावा लागला. मोजायचं तर नीट मोजा, या अर्थी तो रास्तच होता. पण हा थाट आपल्या लीगला झेपणार आहे का, हा प्रश्न पुढे येतोच.

इंग्लिश प्रीमियर लीगच्या म्हणण्यानुसार महत्त्वाच्या निर्णयांतली अचूकता व्हीएआरपूर्वी ८२ टक्के होती, ती ९६ टक्क्यांवर गेली. आकडा मोठा आहे. पण अचूक कशाला म्हणायचं हे ठरवणारी तिथे पाच जणांची समिती आहे: तीन माजी खेळाडू-प्रशिक्षक, एक लीगचा माणूस, एक पंच संघटनेचा. ती सामन्यानंतर निवांत बसून सगळ्या कोनांतून बघते, आणि कित्येकदा तिच्यातच ३-२ असं मतदान होतं. पाच जाणत्यांत, हातात चहा आणि समोर दहा कोन असताना, दोघांना वेगळं वाटतं. मैदानातल्या एकट्याला ते एका सेकंदात 'अचूक' कळावं, ही अपेक्षा आपण कुठून आणतो?

आणि मोजता येणारी गोष्टसुद्धा माणसांच्या हातून कशी निसटते, ते ३० सप्टेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये दिसलं. टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझने गोल केला. साहाय्यक पंचाने ऑफसाइडचा झेंडा वर केला. व्हिडिओ कक्षात डॅरन इंग्लंड यांनी रेषा तपासली, डियाझ स्पष्टपणे ऑनसाइड होता. इथवर यंत्र चोख. पण मैदानावरचा मूळ निर्णय 'गोल' असाच आहे, अशा समजुतीत त्यांनी 'तपासणी पूर्ण, सगळं ठीक' असं कळवलं. मैदानावर त्याचा अर्थ झाला 'ऑफसाइड ठीक'. टॉटनहॅमने फ्री किक घेऊन खेळ सुरू केला. रिप्ले चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या पहिल्यांदा लक्षात आलं. मूळ निर्णय ऑफसाइड होता, तुम्हाला हे चालतंय का, असं तो विचारत राहिला. खेळ थांबवा, असा निरोपही आला. पण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मागे जाता येत नाही असा नियम, त्यामुळे व्हिडिओ पंचाचं उत्तर एवढंच, की आता काही करता येणार नाही. लिव्हरपूल तो सामना शेवटच्या क्षणी स्वयंगोलवर २-१ ने हरलं. दोनच दिवस आधी हे व्हिडिओ पंच संयुक्त अरब अमिरातीत दुसऱ्या एका सामन्याचं काम करून परतले होते, हेही नंतर बाहेर आलं.

या प्रकरणात मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. तीन दिवसांत पंच संघटनेने त्या खोलीतलं सगळं बोलणं जसंच्या तसं प्रसिद्ध केलं. ते ऐकताना अंगावर काटा येतो, इतकी ती साध्या माणसांची साधी गडबड आहे. लिव्हरपूलवाले चिडले ते चिडलेच. पण 'विकले गेले' या आरोपातली हवा त्या ध्वनिफितीने बरीचशी काढून घेतली, आणि राहिला तो 'चुकले' हा आरोप. या दोन शब्दांमधलं अंतर फार मोठं आहे. चुकलेल्या माणसाला शिकवता येतं, विश्रांती देता येते, यादीतून वगळता येतं. विकला गेलेला माणूस म्हटलं की दगड उचलायला मुभा मिळते. दोहाच्या सामन्यानंतर आपल्याकडे पंचांबद्दल समाजमाध्यमांवर जे लिहिलं गेलं ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचं होतं, आणि त्यांनी काय पाहिलं, काय नाही पाहिलं, हे आपल्याला त्यांच्या तोंडून आजवर ऐकायला मिळालेलं नाही.

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या लोकांना हे खरं तर सांगायची गरज नसावी. १९९२ मध्ये डर्बनला टीव्हीच्या मदतीने बाद दिलेला जगातला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर होता. पुढे डीआरएसला सर्वाधिक काळ नाक मुरडलं तेही आपल्याच बोर्डाने, २०१६ पर्यंत. तरीही आज गल्लीतल्या पोराला 'अंपायर्स कॉल' म्हणजे काय ते माहीत असतं, कारण तिसरा पंच काय पाहतोय, कशानंतर काय मागतोय, हे घराघरांत ऐकू येतं. आधी नो-बॉल, मग बॅटची कड, मग चेंडूचा मार्ग. निर्णय पटला नाही तरी वाट दिसते. आणि यंत्राला खात्री नसेल तिथे मैदानावरच्या माणसाचा शब्द राहतो, हे त्या खेळाने उघडपणे मान्य केलेलं आहे. फुटबॉल या बाबतीत फार उशिरा जागं झालं. २०२३ मध्ये आधी क्लब विश्वचषकात आणि मग महिला विश्वचषकात पंचांनी माइकवरून निर्णय सांगितले, इंग्लंडमध्ये हे जानेवारी २०२५ मध्ये लीग कपच्या उपांत्य सामन्यात सुरू झालं.

आता शिस्तीकडे वळू, कारण पंचांनी बोलायचं तर त्यांच्याशी बोलण्याची रीतही ठरायला हवी. २० डिसेंबर २०२३ रोजी अंधेरीच्या क्रीडा संकुलात मुंबई सिटी आणि मोहन बागान यांच्यात जे झालं ते सामना कमी आणि पंचनामा जास्त होता. तेराव्या मिनिटाला मुंबईच्या आकाश मिश्राला लाल कार्ड. उत्तरार्धात बागानच्या आशिष राय आणि गोवेकर लिस्टन कोलासो या दोघांना, मग मुंबईच्या ग्रेग स्टुअर्टला. शेवटची शिट्टी वाजल्यावर आणखी तिघांना, त्यात आपला मुंबईकर राहुल भेकेही. एकूण सात लाल कार्डं. मुंबईने सामना २-१ ने जिंकला, पण ते दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत होतं? चर्चा दोनच टोकांची झाली. एक गट म्हणे पंचांचा तोल गेला. दुसरा म्हणे खेळाडूंचा. दोन्हीत तथ्य असू शकतं, पण शिट्टीनंतर निघालेल्या तीन कार्डांना कुठला कॅमेरा आवरणार होता, ते मला कुणी सांगावं. खेळ संपला होता. तपासायला गोल नव्हता, पेनल्टी नव्हती. होता तो फक्त एका माणसावर एकाच वेळी ओरडण्याचा आपला जुना हक्क.

हा हक्क खालून वर येतो. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने ज्याने पाहिले आहेत त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, बालगोपाल: ही नुसती संघांची नावं नव्हेत, घराणी आहेत. आजोबा, मुलगा, नातू एकाच तालमीचे. भर उन्हात गॅलरी फुल्ल, हलगी, घोषणा, आणि चेंडूवर जीव ओवाळून टाकणारी पोरं. याच मातीतून अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक खेळला. मला या गावाच्या फुटबॉलचा हेवा वाटतो. पण तिथला लाइन्समन गॅलरीकडे पाठ करून उभा असतो, तेव्हा त्याच्या आईबहिणीचा उद्धार नव्वद मिनिटं थांबत नाही. ऑफसाइडचा झेंडा वर गेला की आधी चार खेळाडू धावतात, मग राखीव खेळाडू, मग ज्याचा मैदानात असण्याशी काही संबंध नाही असा एखादा पदाधिकारी. प्रकरण हाताबाहेर गेलं की हुल्लडबाजी, लाठ्या, बैठक, बंदी, आणि पुढच्या मोसमाआधी ती बंदी शिथिल करण्याची विनंती. हा क्रम तिथल्या कुणालाही तोंडपाठ आहे. उभा असलेला पंच बहुधा कुठल्या तरी शाळेत खेळाचा शिक्षक असतो, मिळणाऱ्या मानधनात त्याचं फारसं काही होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याला याच पेठेतून शाळेत जायचं असतं.

असं काम कोण करेल? पंचांचा दर्जा वाईट म्हणून आपण रोज बोंब मारतो, आणि ज्या वयात पंच घडतात त्या वयात त्यांना पळवून लावतो. गोव्याच्या युवेना फर्नांडिससारखी एखादी व्यक्ती जागतिक पातळीवर झेंडा घेऊन उभी राहिली, ती या व्यवस्थेमुळे नव्हे, तिच्या स्वतःच्या चिवटपणामुळे, असं माझं मत आहे. आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तुर्कस्तानात अंकारागुजू क्लबचा अध्यक्ष शेवटच्या शिट्टीनंतर मैदानात उतरला आणि त्याने पंच हलील उमुत मेलेर यांच्या तोंडावर ठोसा मारला. खाली पडलेल्या पंचांना इतरांनी लाथा घातल्या. तुर्कस्तानच्या सर्वोच्च लीगमध्ये व्हीएआर तेव्हा कित्येक वर्षं सुरू होतं. घरात सीसीटीव्ही लावला म्हणून भाऊबंदकी मिटत नाही, त्यातलाच प्रकार.

युरोपने यावर एक साधा उपाय शोधला. युरो २०२४ मध्ये ठरलं की पंचांकडे फक्त कर्णधाराने जायचं, दुसरा कुणी धावला तर पिवळं कार्ड. बदल्यात पंचांनी महत्त्वाचा निर्णय कर्णधाराला समजावून सांगायचा. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, आणि आपल्याकडे नेमकी तीच विसरली जाते. आपण शिस्त म्हणजे दंड समजतो. केरळला चार कोटी झाले ते योग्यच झाले, संघ मैदानातून काढून नेणं खपवून घेता येत नाही. पण एरवी रोज सात-आठ जण पंचांना घेरतात, छातीला छाती लावतात, तेव्हा त्यांना काय होतं? मोठा गुन्हा झाला की डोंगराएवढी शिक्षा, लहान गुन्हा रोज माफ, या हिशेबाने कुणीही सुधारत नाही. शिस्त लहान गुन्ह्याला लगेच आणि हमखास मिळणाऱ्या छोट्या शिक्षेतून येते. पहिल्या महिन्यात दर सामन्याला सहा पिवळी कार्डं निघतील, ओरड होईल, निघू द्यावीत.

तंत्रज्ञान आपल्याकडे कधी पाहिलंच नाही असंही नाही. २०२२ च्या १७ वर्षांखालील महिला विश्वचषकात नवी मुंबई, मडगाव आणि भुवनेश्वरला व्हीएआर होतं, व्यवस्थित चाललं. ते पैसे फिफा या जागतिक संघटनेचे होते. दर आठवड्याला, दर मैदानावर, वर्षभर ते चालवायचं तर कॅमेरे, व्हिडिओ कक्ष, तंत्रज्ञ, जागतिक संघटनेची मान्यता आणि वेगळं प्रशिक्षण घेतलेले पंच, असा सगळा डोलारा हवा. ज्या लीगचा हंगाम २०२५ मध्ये व्यावसायिक कराराच्या घोळात वेळेवर सुरूच होऊ शकला नाही, तिच्यावर हा डोलारा चढवायची घाई मला समजत नाही. युरोपातही सगळे त्याला शरण गेलेले नाहीत. स्वीडनमध्ये क्लबांची मालकी सदस्यांकडे असल्याने त्यांनी व्हीएआरला सरळ नकार दिला. नॉर्वेत जुलै २०२४ मध्ये प्रेक्षकांनी निषेध म्हणून मैदानावर टेनिसचे चेंडू आणि चक्क माशांचे वडे फेकले, सामना बंद करावा लागला. पुढे तिथल्या क्लबांनीही व्हीएआर काढावं असा कौल दिला, पण महासंघाच्या २०२५ च्या अधिवेशनात ते ठेवायचं ठरलं. इंग्लंडमध्ये वुल्व्हज क्लबचा तसाच ठराव १९ विरुद्ध १ मतांनी पडला. म्हणजे एकदा बसवलं की ते उठवणंही सोपं नाही.

मधला एक मार्ग आहे, आणि त्याची आपल्याकडे पुरेशी चर्चा होत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. जागतिक संघटनेने २०२४ मध्ये कोलंबियातल्या २० वर्षांखालील महिला विश्वचषकात 'फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट' नावाची व्यवस्था वापरून पाहिली. तिथे स्वतंत्र व्हिडिओ पंचच नसतो. प्रत्येक प्रशिक्षकाला सामन्यात दोन वेळा दाद मागता येते. तो बोट हवेत गोल फिरवतो, चौथ्या पंचाच्या हातात एक कार्ड देतो, आणि मैदानावरचे पंच स्वतः कडेला येऊन पडद्यावर प्रसंग पाहतात. दाद खरी ठरली तर संधी शाबूत राहते. मोजक्या कॅमेऱ्यांच्या स्पर्धांसाठीच ती बेतलेली आहे, आणि इटलीच्या तिसऱ्या स्तराच्या लीगनेही ती घेतली. डीआरएस कळणाऱ्या देशाला हे शिकवायला पाच मिनिटं पुरतील. शिवाय यात शिस्तीचा फायदा आपोआप होतो. दाद मागायचा रस्ता ठरलेला असला की घेराव घालण्याचं कारण उरत नाही. दोन संधी वाया घालवणाऱ्या प्रशिक्षकाला आपल्याच समर्थकांना उत्तर द्यावं लागतं. दोहासारखा गोल यात चार-पाच कॅमेऱ्यांवर पकडला जातो.

यावर आक्षेप येतील, काही खरेही आहेत. चार-पाच कॅमेऱ्यांत ऑफसाइडच्या बारीक रेषा आखता येणार नाहीत. न येवोत. खांद्याएवढ्या अंतराचा ऑफसाइड मैदानावरच्या झेंड्यावर सोडावा. पंच बोलू लागले तर त्यांच्या प्रत्येक शब्दाची चिरफाड होईल, भाषेचा प्रश्न येईल, केरळच्या सामन्याला मणिपूरचा पंच कुठल्या भाषेत बोलणार? साध्या इंग्रजीत किंवा हिंदीत दोन ठरलेली वाक्यं: काय पाहिलं, कुठला नियम लावला. चिरफाड आजही होतेच, फक्त ती पंचांच्या गैरहजेरीत होते. काही पंच सुरुवातीला अडखळतील. त्यांना सराव द्यावा लागेल, आणि सरावाला लागणारा पैसा व्हीएआरच्या डोलाऱ्यापुढे किरकोळ आहे.

सुरुवात सर्वोच्च लीगपासूनच करायला हवी असंही नाही. शाहू स्टेडियमवरचे सामने आज यूट्यूबवर लोक घरबसल्या पाहतात, म्हणजे कॅमेरा आहे, रिप्ले आहे, समालोचक आहे, जाहिरातदारही आहे. ध्वनिवर्धक तर कधीपासून आहे, त्यावरून पाहुण्यांचे सत्कार आणि बक्षिसांच्या रकमा तासन्‌तास जाहीर होत असतात. रिप्लेवर निर्णय फिरवायचा तर फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाची परवानगी लागेल, ती मागता येईल. पण त्या ध्वनिवर्धकाचा माइक पेनल्टी दिल्यावर अर्ध्या मिनिटासाठी पंचांच्या हातात देण्याला कुठलाही डोलारा लागत नाही.